एक वेढा जास्त

सकाळचं ऊन गच्चीच्या कठड्यावर आलं की अण्णा हातातला सर्किट बोर्ड सूर्यासमोर धरायचे. पिंपळाचं पान उजेडात धरून त्याच्या शिरा बघाव्यात, तसा. बोर्ड हिरवा असला तर त्यांच्या चष्म्यावर, नाकावर, दाढीच्या पांढऱ्या खुंटांवर हिरवट उजेड पडे. तपकिरी असला तर मधाच्या रंगाचा. तांब्याच्या वाटा आरपार दिसू लागत. मग ते त्या बोर्डाला मान किंचित झुकवून विचारत,

"काय, कुठले तुम्ही?"

हा प्रश्न आपल्याकडे माणसांना विचारतात. बंगळूरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत तर नावाच्याही आधी. मल्लेश्वरममधल्या त्यांच्या घराची वरची खोली बघायला मी पहिल्यांदा गेले, तेव्हा मलाही तोच विचारला होता.

"नागपूरची," मी म्हणाले.

"हौदा? असं का? पार तिकडची." त्यांनी मला उन्हात धरलं नाही एवढंच. "सरी. मिक्सर आहे?"

मी भाड्याच्या प्रश्नाची तयारी करून गेले होते. "आहे," म्हटलं.

"किती वाजता लावता?"

मला काही सांगता येईना. आई गेल्यानंतर नागपूरचं घर आवरून मी इथल्या एका संस्थेच्या ग्रंथालयात नोकरीला आले होते, आणि मिक्सर अजून खोक्यातच होता.

"सकाळी सहा ते सात लावायचा नाही," अण्णा म्हणाले. "बाकी दिवसभर दळा. वरती कुस्त्या खेळा, मी विचारणार नाही. सहा ते सात मिक्सर नाही."

भाडं मीच विचारलं. त्यांनी एक आकडा सांगितला, तो फार कमी होता, आणि ते लगेच पुन्हा बोर्डाकडे वळले.

गल्लीत त्यांना सगळे अण्णाच म्हणत. त्यांचं खरं नाव मी एकदा विजेच्या बिलावर वाचलं, पण ते कुणा दुसऱ्याचं असावं असं वाटलं. ते मोजमापाची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात दुरुस्ती विभागात होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. पण दुरुस्ती आता ते करत नसत. मोडीतल्या यंत्रांमधून काढलेले बोर्ड आणत आणि ते कुठून आले असतील ते शोधत. शोधून झालं की परत देऊन टाकत.

"म्हणजे मग उपयोग काय?" मी सुरुवातीला विचारलं होतं.

"तुम्ही पुस्तकं ओळखता, ती सगळी वाचता?"

ग्रंथालयात माझ्याकडे मुखपृष्ठ गेलेली, पहिली पानं गळालेली पुस्तकं येत. कागदाचा पोत, टाइपाची ठेवण, शिवण, मागच्या पानावर चुकून राहिलेली छापखान्याची खूण, यांवरून ती कोणती ते मी ठरवायची. हे एकदा बोलता बोलता सांगितलं तेव्हापासून अण्णा मला 'लायब्ररी' म्हणू लागले. "बन्नी, लायब्ररी, कॉफी झाली." जिन्याखालून अशी हाक आली की मी खाली जाई.

बोर्डाचं कूळ लावायची त्यांची रीत ठरलेली होती. आधी ऊन. मग कडा: बोर्डाचा कोपरा कापलेला असला तर कुठल्या तरी पेटीच्या स्क्रूला वाट करून दिलेली असते. मग तांब्याच्या वाटांची रुंदी. रुंद वाट म्हणजे जास्त वीज, म्हणजे यंत्र थोर. आणि शेवटी वास. डोळे मिटून, अत्तराचा फाया घ्यावा तसा. "स्पिरिट. दवाखान्यात होता." "पीठ. गिरणी." एकदा एका लहानशा बोर्डाला त्यांनी बराच वेळ नाकाशी धरलं आणि म्हणाले, "डिंक. हा पोस्टात होता." मला हसू आलं. पण मीही पुस्तकांचा वास घेते, हे मी त्यांना बरेच महिने सांगितलं नव्हतं.

कुठलाही बोर्ड ओळखायला ते आनंदाने घेत. पण विजेच्या फिल्टरचा बोर्ड हातात आला की त्यांचा चेहरा बदले. चेष्टा थांबे. भिंग मागत.

फिल्टर म्हणजे काय, ते त्यांनी मला असं समजावलं होतं: "वीज कधी एकटी येत नाही. येताना अख्ख्या गल्लीचं घेऊन येते. कुणाचा मिक्सर, कुणाची पाण्याची मोटर, कुणाचं शिलाईचं मशीन. हा बोर्ड दारात उभा राहतो. म्हणतो, बाई, तू आत ये, बरोबरच्यांना बाहेर ठेव. आणि आतलंही बाहेर जाऊ देत नाही. घरातली कुरकुर घरात."

मग बोटाने दाखवत. दारात फ्यूज. त्यामागे पिवळा चौकोनी कपॅसिटर. मध्ये काळी, बांगडीएवढी कडी, आणि तिच्या दोन बाजूंना तांब्याच्या तारेचे वेढे, समोरासमोर. "हे दोन्ही सारखे पाहिजेत. डावीकडे जेवढे वेढे तेवढेच उजवीकडे. नाहीतर तोल जातो." एवढं बोलून ते अंगठ्याच्या नखाने वेढे मोजू लागत. डावे मोजत, उजवे मोजत. मग भिंग मला परत देत.

"चांगल्या घरचा आहे," म्हणत. "पण आमचा नव्हे."

हे 'आमचा नव्हे' मला पुष्कळ दिवस कळलं नाही.

त्यांच्या देवघरात देवांच्या शेजारी एक इलेक्ट्रॉनिक तानपुरा होता. लाकडी पेटी, दोन बटणं, कापडाची जाळी. तो त्यांच्या पत्नीचा. त्यांना मी पाहिलं नाही. मी येण्याआधीच त्या गेल्या होत्या. अण्णा त्यांना 'मास्तरीणबाई' म्हणत. त्या गल्लीतल्या मुलांना भजनं शिकवत आणि स्वतः रोज सकाळी सहा ते सात गात. त्या गेल्यावरही त्या वेळेला अण्णा तानपुरा लावून समोर बसत. ते गात नसत. नुसते बसत, आंघोळ करून, कपाळाला गंध लावून, क्लासात वेळेवर आलेल्या विद्यार्थ्यासारखे.

आणि त्या तासाभरात तानपुऱ्यात गल्ली येई. सूर लागलेला असे, त्यावर अंधारातून उजेड येत असे, दाराबाहेरच्या संपिगेच्या, म्हणजे सोनचाफ्याच्या, झाडाचा वास खिडकीतून आत येत असे, आणि मध्येच 'खर्रर्र'. कुणाच्या तरी स्वयंपाकघरातला मिक्सर विजेच्या तारेतून सरळ देवघरात.

"बँकवाले," अण्णा डोळे मिटूनच सांगत. "नवा आहे, गुळगुळीत आवाज. इडलीचं पीठ." पुन्हा खर्रर्र. "हे शाळेसमोरचे. काय ती घाई!" मग एक वेगळी खरखर येई: थोडी येऊन थांबणारी, परत थोडी येऊन थांबणारी. "कोपऱ्यावरच्या अक्का. मोटर तापते म्हणून थांबून थांबून लावतात. नारळ." आणि मग वैतागून डोळे उघडत. "तानपुरा आहे की चटणी?"

एका सकाळी मी विचारलं, की पूर्वीही असंच व्हायचं का.

"व्हायचं. मास्तरीणबाईंचा सूर मोडायचा. गल्लीत भांडून आल्या त्या. अक्कांनी सांगितलं, तुमचं गाणं सातला ठेवा, माझ्या मुलांचा डबा सहाला असतो. तेही खरंच की. मग मी फिल्टर केला."

तोच बोर्ड. लहानशा पत्र्याच्या खोक्यात घालून त्यांनी तो तानपुऱ्याच्या मागे ठेवला होता, आणि मास्तरीणबाई असेपर्यंत देवघरात मिक्सर आला नाही. त्या गेल्यानंतर अण्णांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. ते दवाखान्यात असताना त्यांचा पुतण्या मारतहळ्ळीहून येऊन घर आवरून गेला. चांगल्या मनाने. काकांना आता धूळ चालणार नाही म्हणून त्याने मागची खोली रिकामी केली, आणि देवघरातलं ते गंजलेलं खोकंही भंगारवाल्याला दिलं.

"तुम्ही काय म्हणालात त्याला?"

"सरी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्याने फरशी पुसली होती हो, लायब्ररी. स्वतः, गुडघ्यावर बसून."

पुतण्या दर पंधरवड्याला येई. पुण्यात वाढलेला, इथे एका मोठ्या कंपनीत नोकरीला, बोलण्यात निम्मं इंग्रजी. काका रविवारी भंगारबाजारात का जातात, हे त्याला ठाऊक होतं आणि ते त्याला टोचत होतं. एकदा तो एक चकचकीत डबी घेऊन आला.

"काका, हे बघा. रेडीमेड फिल्टर. मेडिकल ग्रेड आहे. ऑनलाइन मिळतो. प्लग इन करायचं, फिनिश."

अण्णांनी डबी हातात घेतली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. "छान आहे. आमच्या कारखान्यात असलं काम झालं नसतं."

"मग लावू ना?"

"नको."

"काका, अहो, प्रॉब्लेम सॉल्व्ह होतोय! आणि हा नको तर तुम्ही स्वतः दुसरा बनवा. अर्ध्या तासाचं काम आहे तुमचं."

"होय की. दुसरी बायकोही मिळाली असती. चिकपेटेत एक स्थळ होतं."

पुतण्याने माझ्याकडे पाहिलं. मी कॉफीच्या पेल्याकडे पाहिलं. अण्णा उठले आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "उपमा खाऊन जा. तू आणलास, मला पोचला."

तो गेल्यावर त्यांनी मला त्या बोर्डाची खूण सांगितली. कडीच्या डाव्या बाजूचे वेढे त्यांनी स्वतः मोजून घातले होते. उजवी बाजू घालताना डोळे शिणले आणि आकडे चुकू लागले. तेव्हा मास्तरीणबाई समोर येऊन बसल्या. म्हणाल्या, मी ठेका देते, तुम्ही एका मात्रेला एक वेढा घाला. मांडीवर हात मारत त्यांनी भजनी ठेका धरला. आवर्तनं पुरी झाली, वेढे दोन्हीकडे सारखे झाले, आणि अण्णा थांबणार तोच त्यांनी पुढची टाळी दिली. हाताने आपोआप एक वेढा घातला.

"मी म्हटलं, एक जास्त झाला. तर म्हणे, समेवर आल्याशिवाय कुणी थांबतं का? तुमच्या कारखान्यात हे शिकवलं नाही वाटतं. मी उलगडायला लागलो तर हात धरला. राहू दे, म्हणाली."

"मग तोल गेला का?"

"स्वल्प गेला असेल. चालला पण."

म्हणजे ते जगातल्या सगळ्या बोर्डांमध्ये एक चूक शोधत होते. हे कळल्यावर मी रविवारी त्यांच्याबरोबर जाऊ लागले, भिंग धरायला.

सिटी मार्केटच्या बाजूला रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. आम्ही मेट्रोने जात असू. तिथे पदपथावर पसरलेल्या ताडपत्रीवर पंख्यांच्या मोटारी, रिमोट, घड्याळांची पोटं, टीव्हीची आतडी. अण्णांचा ठरलेला दुकानदार होता, दखनी बोलणारा एक भाई. तो अण्णांना स्टूल द्यायचा आणि बोर्डांचा ढीग पुढे करायचा. अण्णा एकेकाचं कूळ सांगत. कुठला ते कळलं की त्याला गिऱ्हाईक लवकर मिळे. त्या बदल्यात बाजारात कुठेही फिल्टरचा बोर्ड निघाला तर तो अण्णांसाठी बाजूला ठेवला जाई. भाईने त्यांचं नावच 'फिल्टर अण्णा' पाडलं होतं, आणि शेजारच्या ताडपत्रीवाल्याला पुष्कळ दिवस वाटत होतं की यांचं कॉफीचं दुकान आहे.

"आओ अण्णा," भाई आम्हाला पाहून ओरडे, "तुम्हारे रिश्तेदार आये सो हैं!"

रिश्तेदार एका पिशवीत असत. अण्णा एकेकाला बाहेर काढत, नखाने मोजत. मी भिंग धरून बसे. बाजाराचा कालवा कुठेतरी लांब जाई. काळी कडी, तांब्याची तार, नखाची टिकटिक. मलाही हळूहळू त्या मोजण्याची गुंगी येऊ लागली. डावे, उजवे. सारखे. चांगल्या घरचा आहे, पण आमचा नव्हे. जे ओळखू येत नसत त्यांना ते वेगळे काढत, पण टाकत नसत. "ओळख पटली नाही, म्हणजे तो कुणाचाच नव्हता असं नाही," म्हणत.

मध्ये एक सकाळ अशी आली, की तानपुरा लागला, बँकवाले आले, शाळेसमोरचे आले, आणि कोपऱ्यावरच्या अक्का आल्या नाहीत.

"झोपल्या असतील," मी म्हटलं.

"हं." अण्णांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने उघडले. "स्वल्प थांबू."

आम्ही थांबलो. सूर चालू होता. इतर दिवशी त्या खरखरीवर वैतागणारे अण्णा आता तिच्यासाठी कान देऊन बसले होते. मग ते एकदम उठले आणि बनियनवरच, एका पायात स्वतःची आणि एका पायात माझी चप्पल घालून चालू लागले. मी मागोमाग.

अक्कांच्या दाराला दुधाची पिशवी तशीच लटकत होती. पुढचं दार आतून बंद. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं, त्यातून मी आत गेले. अक्का ओट्याखाली फरशीवर पडल्या होत्या, शुद्धीत, नारळाची वाटी हातात घट्ट. त्या कानडीच बोलत. मला कळलं ते असं:

"एवढा उशीर?"

"अक्का, लागलंय कुठे?" अण्णा खिडकीतून ओरडले.

"कमरेत. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमचा मिक्सर आला नाही."

"कुठे आला नाही?"

"आमच्याकडे."

अक्का पडल्या पडल्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. ऑटोत बसवेपर्यंत त्या एकच विचारत होत्या, की माझा मिक्सर अजूनही रोज तुमच्याकडे येतो, आणि मास्तरीणबाई गेल्यापासून तुम्ही मला एकदाही बोलला नाहीत?

खुब्याचं ऑपरेशन झालं. काही महिने त्या के. आर. पुरमला मुलीकडे राहिल्या. त्या दिवसांत अण्णा तानपुऱ्यासमोर बसत, पण त्यांचं लक्ष नसे. अक्का परत आल्या त्या वॉकर घेऊन. मी भेटायला गेले तर म्हणाल्या, "माझंच काय सांगता? वरच्या बाई, तुमचा मिक्सर सात वाजले रे वाजले की माझ्या रेडिओत येतो. भक्तिगीतांत. मी कधी तक्रार केली?"

दुसऱ्या सकाळी तानपुऱ्यात खरखर आली. थोडी येऊन थांबली. पुन्हा थोडी येऊन थांबली. पण आवाज हलका होता, घसरल्यासारखा.

"रिकामा आहे," अण्णा म्हणाले. "भांड्यात काही नाही."

"मग कशाला लावला?"

अण्णा डोळे मिटूनच हसले. त्या दिवसापासून अक्कांचा मिक्सर रोज रिकामा येई. स्वयंपाक त्यांच्याकडे आता एक बाई उशिरा येऊन करून जात असे.

आणि मग तो बोर्ड सापडला.

भाईच्या पिशवीत नेहमीसारखे चार-पाच होते. हा तपकिरी, मळलेला. फ्यूजच्या जागी कुणीतरी नुसता तारेचा तुकडा टाकला होता. दोन्ही टोकांना भलत्याच जाड वायरी, कथिलाचे ओबडधोबड डाग दिलेल्या. अण्णांनी वास घेतला.

"हळद. अगरबत्ती. लग्नाच्या हॉलमधला."

"बराबर अण्णा," भाई म्हणाला. "शादीमहल के अँप्लिफायर में से निकाला सो है."

मी भिंग धरलं. कडीच्या खाली, पिवळ्या कपॅसिटरला चिकटून, अक्षतेचा एक दाणा अडकला होता. अण्णांनी सवयीने नख लावलं. डावे मोजून झाले. उजवे सुरू झाले. मध्यावर कुठेतरी त्यांची टाच स्टुलाच्या पायावर हळू आपटू लागली. ओठ हलत नव्हते. टाच पडत होती आणि नख पुढे सरकत होतं. एक आवर्तन. आणखी एक. वेढे सरत आले. नख आता उचललं जाईल म्हणून मी भिंग खाली घेऊ लागले, तर ते उचललं गेलं नाही. एक टाळीभर थांबून आणखी एका वेढ्यावर आलं.

"सम," अण्णा म्हणाले.

"क्या हुआ अण्णा?"

त्यांनी पाणी मागितलं. भाईने आपली बाटली दिली. ते प्यायले, तोंड पुसलं, आणि बाटलीचं झाकण लावायला त्यांना फार वेळ लागला.

परतताना मेट्रोत एका मुलीने त्यांना जागा दिली. बोर्ड दोन्ही हातांच्या ओंजळीत, प्रसादासारखा. गाडी बोगद्यातून वर आल्यावर खिडकीतून घरांच्या गच्च्या, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे मागे जात होते. दोन स्टेशनं गेल्यावर ते मला म्हणाले, "इतकी वर्षं लग्नं लावत होती बघा." आणि थोड्या वेळाने, "तिला आवडलं असतं."

त्या संध्याकाळी त्यांनी बोर्डावरचे परके डाग काढले, नवा फ्यूज बसवला. अक्षतेचा दाणा तसाच ठेवला.

दुसऱ्या सकाळी तानपुरा लागला तो असा, की मी तसा कधी ऐकला नव्हता. एकही ओरखडा नाही. सूर खोलीभर पसरला, भिंती थोड्या मागे सरकल्यासारख्या झाल्या. तळ्याच्या तळाशी बसून वरचा उजेड पाहावा तसं वाटत होतं. बँकवाले नाहीत, शाळा नाही. मला वाटलं, आता अण्णा रडतील. त्यांनी इतकी वर्षं जे मागितलं होतं, ते त्यांच्यासमोर होतं.

पण ते मान तिरपी करून ऐकत होते. पुढे झुकले, जाळीला कान लावला.

"अक्का उठल्या असतील ना?"

"उठल्या असतील, अण्णा."

"हं." पुन्हा बसले. मग उठले, फाटकापर्यंत गेले, कोपऱ्याकडे पाहून परत आले. "खिडकी उघडी आहे," म्हणाले. दुसऱ्या दिवशीही गेले. तिसऱ्या दिवशी सात वाजायच्या आतच त्यांनी तानपुरा बंद केला, मागे हात घालून ते खोकं सोडवलं आणि तानपुऱ्याची वायर सरळ भिंतीतल्या प्लगमध्ये घातली. बटण फिरवलं. सूर आला, आणि जरा वेळाने त्यात, थांबत थांबत, ती हलकी रिकामी खरखर.

अण्णांचे खांदे खाली आले.

"लावायचा नाही?" मी विचारलं. "एवढा शोधलात."

"ओळख पटली. बास." त्यांनी बोर्ड मऊ सुती कापडात गुंडाळला आणि देवांच्या शेजारी ठेवला. "गाताना तिला शांतता लागायची, लायब्ररी. मी कुठे गातोय?"

रविवारी आम्ही तरीही जात राहिलो. आपलं मिळालं म्हणून थांबलो तर इतरांचं कोण बघणार, असं त्यांचं म्हणणं.

अण्णा एका दुपारी गेले. गच्चीवरच्या खुर्चीत, सावलीत, मांडीवर एक हिरवा बोर्ड घेऊन. मी ग्रंथालयातून आले तेव्हा ऊन त्यांच्या पायापर्यंत आलं होतं. त्या बोर्डाचं कूळ लागायचं राहिलं. तो माझ्याकडे आहे. मी त्याला उन्हात धरते, वास घेते. मला अजून काही सांगता आलेलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर पुतण्या देवघरात बराच वेळ उभा होता. सुती कापडाची पुरचुंडी त्याने उघडून पाहिली आणि पुन्हा बांधली.

"काका मला यावरून कधी एक शब्द बोलले नाहीत, ताई."

"त्यांना डबी पोचली होती," मी म्हटलं.

"घराचं नंतर बघू. तुम्ही राहा. फक्त सकाळी तो तानपुरा... मी एवढ्या लांबून रोज नाही येऊ शकत."

मी हो म्हटलं, पण बरेच दिवस मला तो लावता आला नाही. सकाळी मी खाली येई, देवघराच्या उंबऱ्यावर बसे आणि परत वर जाई. मग एकदा, बाहेर अजून धूसर असताना, बटण फिरवलं.

सूर आला. अण्णांचं आसन समोर तसंच होतं. मी त्याच्या शेजारी, माझ्या नेहमीच्या जागी बसले. बँकवाले आले. शाळेसमोरचे आले, घाईघाईने. त्यानंतर नुसताच सूर राहिला. मी मनाशी म्हटलं, अक्का आता कशाला लावतील? कुणासाठी? त्यांनाही गल्लीने सांगितलंच आहे, अण्णा नाहीत म्हणून. वॉकर घेऊन ओट्यापर्यंत यायचं, रिकामं भांडं बसवायचं, आणि ऐकायला कुणी नाही.

झाडावर उजेड आला. बंद करावा म्हणून मी हात पुढे केला.

खरखर आली. थोडी येऊन थांबली. पुन्हा थोडी आली. हलकी, घसरणारी, भांड्यात काही नसलेली.

मी तानपुरा चालू ठेवून जिना चढले. ओट्यावर मिक्सरचं रिकामं भांडं बसवलं, कोपऱ्यावरच्या घरात आता रेडिओवर भक्तिगीतं लागली असतील असा अंदाज घेतला, आणि बटण फिरवलं. सात वाजायला अजून अवकाश होता.